4.9.256 म्हणजे 4.10.0? ड्रायव्हरमधल्या व्हर्शन तपासणीची पार्श्वभूमी

लिनक्सच्या कर्नल ट्रीच्या (गाभ्याच्या अधिकृत सोर्स कोडच्या) बाहेर ठेवलेल्या कुठल्याही ड्रायव्हरची सोर्स फाइल उघडा, लिनक्स_व्हर्शन_कोड (समोरच्या कर्नलचा नंबर) आणि कर्नल_व्हर्शन (ज्याच्याशी ताडायचे तो नंबर) यांची तुलना करणाऱ्या ओळी दिसणारच. युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या प्रोग्रामना, दिलेला शब्द लिनक्स पाळतो: जुने प्रोग्राम मोडायचे नाहीत. आतल्या फंक्शनांबाबत मात्र त्याने ड्रायव्हरवाल्यांना कधी शब्दच दिलेला नाही. 2.4 मधून 2.6 वर येताना (2001 ते 2003) जे हाल झाले ते जुन्या लोकांना आठवतात, पण खरा त्रास नंतरचा.

लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या स्वस्त वाय-फाय डोंगलबरोबर छोटी सीडी यायची, त्या काळातला कोड 2.6.29 च्या आधी एक मार्ग आणि नंतर दुसरा असा दुभंगलेला असे, कारण तिथे नेट_डिव्हाइस_ऑप्स ही नेटवर्क ड्रायव्हरच्या फंक्शनांची नवी रचना आली. पुढे 4.15 मध्ये इनिट_टायमर गेला, 5.0 मध्ये अॅक्सेस_ओके चा एक आर्ग्युमेंट कमी झाला, 5.6 मध्ये प्रोक_ऑप्स आले, 6.4 मध्ये क्लास_क्रिएट ने ओनर मागणे सोडले. दर वेळी एक #इफ (कंपाइल करताना व्हर्शननुसार कोड निवडणारी अट) वाढला. मेनलाइनमध्ये (मुख्य अधिकृत कर्नलमध्ये) असा #इफ घेऊन गेलात तर रिव्ह्यूमध्येच काढायला लावतात, आणि ते बरोबरच आहे: तिथे कर्नल एकच असतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी झाली ती व्हर्शनचे तीन भाग एका आकड्यात बसवण्याच्या मांडणीमुळे. मेजर नंबर 16 बिट सरकवायचा, मधला 8 बिट सरकवायचा, शेवटचा तसाच जोडायचा. म्हणजे शेवटच्या आकड्याला जागा 255 पर्यंतचीच. इतके स्टेबल रिलीज (जुन्या शाखेतले दुरुस्त्यांचे रिलीज) निघतील असे तेव्हा कुणाच्या मनात आले नसावे. फेब्रुवारी 2021 मध्ये 4.4 आणि 4.9 या दोन्ही शाखा 256 वर पोचल्या. 4.9.256 चा हिशेब केला तर उत्तर येते 264704, आणि 4.10.0 चेही तेच. ते दोन रिलीज मुद्दाम काढले गेले. नंबर वाढवण्यापलीकडे त्यांत काही नव्हते, काय मोडते ते पाहायचे होते. पाठोपाठ 257 मध्ये 255 वर छाटणी आली, म्हणजे शेवटचा आकडा त्याहून मोठा असला तरी हिशेबात 255 च धरायचा.

शेवटच्या आकड्याला जास्त बिट का दिले नाहीत? कारण हा कोड नंबर युजरस्पेसलाही दिसतो, आणि आधीच कंपाइल झालेले प्रोग्राम जुन्या मांडणीचा आकडा धरून बसलेले. त्यामुळे छाटणी हाच कमी नुकसानीचा मार्ग ठरला. माझ्या मते निर्णय योग्य होता, पण किंमत ड्रायव्हरवाल्यांनी मोजली. 4.9 शाखा 337 पर्यंत गेली. त्यातल्या 260 आणि 330 मधला फरक लिनक्स_व्हर्शन_कोड सांगूच शकत नाही. दोन्हीकडे 255. मधल्या एखाद्या स्टेबल पॅचने फंक्शनचे रूप बदलले असेल, तर तपासणी लिहून उपयोग शून्य.

आणि एवढ्याने भागत नाही. बीकेसी, अंधेरीच्या ऑफिसांतल्या सर्व्हरवर मेनलाइन क्वचितच, बहुधा आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) सारखी डिस्ट्रो, म्हणजे कुणीतरी तयार करून दिलेले लिनक्स. आरएचईएल 8 चा कर्नल स्वतःला 4.18.0 म्हणवतो, 9 चा 5.14.0, पोटात मात्र पुढच्या कर्नलांमधून बॅकपोर्ट केलेले, म्हणजे मागे आणून जोडलेले बदल. नंबर विचारला तर तो सरळ फसवतो. म्हणून आरएचईएल_रिलीज_कोड ची वेगळी तपासणी, उबुंटूसाठी आणखी वेगळी, आणि एका #इफ च्या पोटात दुसरा. असा कोड वाचणाऱ्याने आधी चहा घ्यावा.

यावरचा उतारा बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे: नंबर न विचारता हेडर (कर्नलच्या फंक्शनांची रूपे लिहिलेल्या फाइली) विचारायचे. बिल्डच्या सुरुवातीला चार ओळींचा प्रोग्राम समोरच्या कर्नलच्या हेडरवर कंपाइल करून पाहायचा; झाला तर ते फंक्शन त्या रूपात आहे, नाहीतर नाही. ग्राफिक्स कार्डांच्या एका मोठ्या ड्रायव्हरमध्ये अशा चाचण्यांची लांबलचक स्क्रिप्टच आहे. बिल्डला वेळ लागतो, आणि चाचणीतच टायपो असला तर ‘फंक्शन नाही’ असे गुपचूप ठरते. छोटे ड्रायव्हर त्यामुळे अजून नंबरवरच चालतात, आणि 6.15 मध्ये डेल_टायमर गेल्यावर त्यांत आणखी एक #इफ पडला.