शिवेचा दगड आणि उपग्रह : शहराची हद्द कशी ठरते?

औंधहून सांगवीकडे जाताना मुळा नदीवरचा पूल ओलांडला की माणूस एका महापालिकेतून दुसऱ्या महापालिकेत शिरतो. डांबर तेच असते, कठडाही तोच असतो, पण अलीकडच्या दिव्याचे बिल पुणे महापालिका भरते आणि पलीकडच्याचे पिंपरी-चिंचवड. ही अदृश्य रेषा कोणी आखली, कशाने मोजली आणि उद्या वाद झाल्यास न्यायालय कोणता पुरावा मानेल, या तीन प्रश्नांत भूमापनशास्त्र आणि कायदा एकमेकांत पुरते गुंतलेले आहेत.

बहुतेकांची समजूत अशी असते की शासन नकाशावर एक रेघ ओढते आणि शहर मोठे होते. प्रत्यक्षात रेघेआधी शब्द येतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे राज्य शासन महापालिकेशी विचारविनिमय करते, प्रारूप अधिसूचना काढून हरकती व सूचना मागवते आणि मग राजपत्रात अंतिम अधिसूचना प्रसिद्ध करते. तिच्या अनुसूचीत हद्दीचे वर्णन गद्यात असते : उत्तरेस अमुक गावाची शीव (गावाची सीमा), तेथून तमुक सर्व्हे नंबरच्या, म्हणजे मोजून क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्याच्या, पश्चिम बांधाने दक्षिणेकडे, पुढे ओढ्यापर्यंत. अक्षांश-रेखांशांऐवजी येथे गावे, बांध आणि ओढे बोलतात. म्हणजेच शहराची हद्द सहसा नव्याने मोजली जात नाही. ती शेजारच्या खेड्यांच्या शिवांकडून उसनी घेतलेली असते.

पुण्याची वाढ याच पद्धतीने झाली. १९९७ मध्ये खेड्यांचा मोठा गट महापालिकेत आला आणि त्यातील काही गावे पुढे वगळली गेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. त्या ११ गावांच्या यादीत ‘लोहगाव (उर्वरित)’, ‘हडपसर (साडेसतरा नळी)’ अशा नोंदी आहेत. गावाचा एक भाग आधीच शहरात आणि उरलेला बाहेर, अशी ती स्थिती होती. अशा अर्ध्या गावात शीव उपयोगाची नसते, कारण रेषा गावाच्या पोटातून, सर्व्हे नंबरांच्या बांधाबांधाने जाते. २०१७ मध्ये संपूर्ण घेतलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे नंतर वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली, तेव्हाही रेषा बऱ्याच अंशी पुन्हा त्याच जुन्या शिवांवर येऊन थांबली.

मग या शिवा आणि हे बांध मोजले कोणी? मुंबई इलाख्यात शेतवार मोजणीची जी पद्धत रूढ झाली, तिची सुरुवात १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी केली. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा अंदाज धरून सर्व्हे नंबर पाडले गेले आणि कोपऱ्यांवर दगड रोवले गेले किंवा मातीचे बुरुज घातले गेले. मोजण्याचे साधन होते ३३ फुटांची साखळी. तिचे १६ आणे पाडलेले असत, म्हणजे एक आणा सुमारे दोन फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट; असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज पुण्यात गुंठ्याचा भाव विचारणारा प्रत्येक जण नकळत त्या साखळीचाच भाव विचारत असतो.

ही साखळी लोखंडी कड्यांची होती, आणि लोखंड उन्हात प्रसरण पावते. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले तर दहा मीटरांच्या या साखळीची लांबी सुमारे सव्वादोन मिलिमीटरने वाढते. एका शेतात हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, मात्र एक किलोमीटर अंतर मोजताना साखळी शंभर वेळा टाकावी लागते आणि चूक जवळजवळ २३ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. कडी झिजून लांबलेली असतील, चढावर साखळी तिरकी धरली असेल किंवा मधे झोळ राहिला असेल, तर त्या चुका वेगळ्याच.

त्याहून मोठी अडचण कागदाची आहे. जुने गावनकाशे एका इंचाला ६६० फूट, म्हणजे १:७,९२० या प्रमाणात काढलेले आहेत. या प्रमाणात अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. चार मीटरांत एखादे दुकान सहज मावते! शिवाय दीडशे वर्षांत कागद हवेतल्या ओलाव्याने फुगला, आकसला आणि घड्यांवर फाटला. हा नकाशा स्कॅन करून उपग्रहचित्रावर बसवू गेले की रबर ताणल्यासारखा तो एका कोपऱ्यात जुळतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात सरकतो.

म्हणून जाणता भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा कर्मचारी, आधी नकाशा उघडत नाही, तर टिपण मागवतो. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी जागेवर काढलेला कच्चा आराखडा. त्यावर प्रत्येक बाजूची लांबी आकड्यांत लिहिलेली असते आणि आकड्याला शाईच्या जाडीची बाधा होत नाही. भूमापनातला जुना दंडक असा की जागेवरची मूळ खूण सापडली तर ती पहिली, मग लेखी मोजमाप, आणि क्षेत्रफळ सर्वांत शेवटी. काट्याकुट्यांत अर्धवट बुजलेला शिवेचा दगड मूळ जागीच आहे हे सिद्ध झाले, तर त्याच्यापुढे कागदावरच्या मोजमापालाही माघार घ्यावी लागते.

उपग्रहाधारित मोजणीचे कौतुक योग्यच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांचे जाळे उभारले आहे. ही केंद्रे ज्ञात बिंदूंवर बसून उपग्रहसंकेतांतील चूक सतत मोजतात आणि ती दुरुस्ती शेतात उभ्या असलेल्या रोव्हरला, म्हणजे मोजणीच्या फिरत्या उपग्रहसंकेत-ग्राहक यंत्राला, मोबाईल नेटवर्कवरून पाठवतात. त्यामुळे सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या आधारे जमिनीवरचा बिंदू काही सेंटिमीटरांच्या आत सापडतो. पण रोव्हर सांगतो तो ‘आपण कोठे उभे आहोत’ एवढेच. हद्द तेथे आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. ते टिपण, दगड आणि दोन्ही बाजूंच्या खातेदारांचे म्हणणे यांवरूनच ठरवावे लागते. नव्या यंत्राने मोजली म्हणून जुनी संदिग्ध रेषा आपोआप नेमकी होत नाही, आणि माझ्या मते सध्याच्या डिजिटल उत्साहात हाच मुद्दा सर्वांत जास्त विसरला जातो.

नदीच्या हद्दीत तर खूणच हलती असते. पात्र वर्षानुवर्षे हळूहळू सरकले आणि एका काठाला मळई (गाळाची जमीन) साचली, तर हद्दही त्याच्याबरोबर सरकते असे मानण्याकडे कायद्याचा कल आहे. एखाद्या पुराने पात्र एका रात्रीत बदलले तर मात्र रेषा जुन्याच जागी धरली जाते. मुळेसारख्या शहरी नदीत भराव टाकून काठ पुढे सरकवला जातो, तेव्हा हा बदल सावकाश झाला की अचानक, हे ठरवणे अवघडच.

हद्द जाहीर झाली तरी महसुली गाव नाहीसे होत नाही. खरेदीखतात ‘मौजे’ कायम राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२६ खाली नगर भूमापन होऊन सिटी सर्व्हे नंबर पडेपर्यंत त्या भागात सातबाराच चालतो. त्यामुळे नव्याने आलेल्या गावांत इमारतीवर महापालिकेची कर आकारणी सुरू झालेली असते, आणि तिच्याखालच्या जमिनीच्या उताऱ्यावर मात्र ‘जिरायत’ आणि ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य भाग) हेच रकाने असतात.