नॅस, घरगुती

नेटवर्कला जोडलेली, घरातील अनेक उपकरणांना एकाच वेळी फायली पुरवणारी साठवण पेटी. ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ या संज्ञेच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले.

उगमाबाबत एकमत नाही. न्यूकॅसल विद्यापीठात ब्रायन रँडेल व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स यंत्रांना एकमेकांच्या फायली वापरता येतील अशी सोय केली; काही जण तीच सुरुवात मानतात. परंतु ती संगणकांमधली सोय होती, स्वतंत्र पेटी नव्हे. सन मायक्रोसिस्टिम्सचा एनएफएस हा नेटवर्कवरून फायली वापरण्याचा प्रोटोकॉल (१९८४) आणि १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्पेक्स कंपनीचे खास फाइल-सेवेसाठी बांधलेले यंत्र यांपासून परंपरा धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या ‘रेड’चे (आर-ए-आय-डी, ‘रिडंडंट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’) नाव पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाने रूढ झाले, तत्सम कल्पना मात्र आयबीएमच्या नॉर्मन औची यांच्या १९७८ च्या पेटंटात आढळते. निबंधातील ‘आय’ ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा होता, ‘इंडिपेंडंट’ हा अर्थ मागाहून आला.

बदली : डिस्क धड असूनही पेटी बंद पडू शकते. इंटेलच्या ॲटम सी-२००० चिपमधील घड्याळ-संकेताचा दोष २०१७ मध्ये जाहीर झाला. ती चिप असलेली यंत्रे काही काळ चालून एकदम सुरूच होईनाशी होत. म्हणून नवी पेटी निवडताना जुन्या डिस्क तिला वाचता येतील का, हे आधी पाहावे. त्याच कंपनीच्या सुसंगत पेटीत त्या बहुधा त्याच क्रमाने बसवता येतात. दुसऱ्या कंपनीची पेटी ‘इनिशिअलाइझ’ करू का असे विचारते, आणि होकार दिल्यास सर्व पुसले जाते. एआरएम प्रकारची चिप असलेल्या काही जुन्या पेट्या डिस्कवर ६४ केबीचे ब्लॉक (साठवणीचे तुकडे) वापरत. अशी डिस्क साध्या लिनक्स पीसीवर सरळ माउंट होत नाही, म्हणजे वाचायला उघडत नाही. त्यामुळे जुनी पेटी चालू असतानाच बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पूर्ण प्रत घ्यावी व फायली उघडून पडताळाव्यात. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला सुमारे ११० एमबी धरल्यास ८ टीबी हलवायला २० तास लागतात.

घरासाठी दोन डिस्कचे मिररिंग, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती ठेवणे, पुरते. ८ टीबीच्या चार डिस्कच्या रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी माहिती टिकवणारी रचना) एक गेली, तर रिबिल्डसाठी, म्हणजे तिची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभारण्यासाठी, उरलेल्या तिन्हींवरचे २४ टीबी वाचावे लागते. अनेक डिस्कची वाचनातील जाहीर त्रुटी-मर्यादा १०^१४ बिटांत एक, म्हणजे १२.५ टीबीमागे एक असते. ती मर्यादा आहे, सरासरी नव्हे. तरी धोका खरा. डिस्क सीएमआर प्रकारची, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी, घ्यावी. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर चढलेले असल्याने रिबिल्ड रखडतो. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. त्यासाठी स्नॅपशॉट (फायलींची त्या-त्या वेळची जपलेली स्थिती) आणि घराबाहेर एक प्रत हवीच.

चित्रपटांसाठी गिगाबिट पुरेसे आहे : ४के ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १५० मेगाबिटांच्या आत असतो. मुख्यतः टीव्हीला चित्रपटाचा फॉरमॅट येत नसेल तेव्हा हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (चिपने चालू असतानाच फॉरमॅट बदलणे) लागते. काही जुने प्लेयर फाइल-वाटपाच्या एसएमबी प्रोटोकॉलची केवळ पहिली आवृत्ती, एसएमबी-१, जाणतात. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पसरला, तेव्हा अशा प्लेयरसाठी एसएमबी-१ सुरू न करता डीएलएनए ही घरातल्या उपकरणांना चित्रपट-गाणी पुरवणारी पद्धत वापरावी.