शिंपल्याची साक्ष : समुद्रावरून भीमेकाठी

घराचं बांधकाम निघालं की दारात वाळूचा ट्रक रिकामा होतो आणि त्या संध्याकाळपासून गल्लीतली पोरं ढिगात शिंपले हुडकायला बसतात. सोलापुरात वाढलेल्या बहुतेकांनी हे केलेलं आहे. भीमेच्या, सीनेच्या वाळूतला तो शिंपला बाहेरून मातकट-काळसर आणि आतून मोत्यासारखा चमकणारा. पाठीवरून नख फिरवलं तर कमानीसारख्या रेघा लागतात, एकाबाहेर एक. त्या त्याच्या वाढीच्या रेघा. जीव भराभर वाढतो तेव्हा त्या लांब लांब पडतात, वाढ अडली की दाटतात.

या जिवाला पाण्याचा साक्षीदार म्हणून उभं करायची कल्पना मात्र समुद्रावरची. घाटापलीकडची ती गोष्ट सोलापूरकराने का वाचावी, तर आपण पितो ते उजनी धरणाचं पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी भीमेला मिळतात आणि भीमा ते सगळं उजनीत आणून ठेवते. या पाण्याची चर्चा झाली की बाटलीत भरून नेलेल्या नमुन्याचे आकडे पुढे येतात. बाटलीतलं पाणी फक्त ती बाटली बुडवली त्या क्षणाबद्दल बोलतं. रात्री सोडलेलं रसायन सकाळच्या बाटलीत सापडेलच असं नाही. शिंपला मात्र रात्रीही तिथेच असतो.

त्याचं जगणंच तसं आहे. तो फारसा हलत नाही. पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवरून गाळायचं, शेवाळाचे बारीक कण पोटात घालायचे आणि उरलेलं पाणी बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. चांगलं वाढलेलं कालव, म्हणजे समुद्रातला खाण्याचा शिंपला, इंग्रजीत ऑयस्टर, अनुकूल पाण्यात दिवसाला दीडशे लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. नळाला पाणी येण्याच्या दिवशी आपण घरात दहा घागरी भरून ठेवतो, तेवढं. पाण्यात जे असेल त्यातलं बरंच मग त्याच्या मांसात साठत जातं. काही धातू आणि कीटकनाशकं आजूबाजूच्या पाण्याच्या हजारो पटींनी तिथे सापडतात. शिवाय तेलातली कित्येक रसायनं मासे शरीरात मोडून टाकतात. शिंपल्याला ते नीटसं जमत नाही. आत गेलेलं बराच काळ आतच राहतं, आणि तपासणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

हे माणसाच्या लक्षात आलं ते आधी आजारपणातून. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टर आणि साउदम्प्टन इथे महापौरांच्या मेजवान्या झाल्या. पानात कालवं होती. पाहुणे टायफॉइडने आजारी पडले, काही दगावले, त्यांत विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरूही होते. कालवं आली होती एम्सवर्थच्या खाडीतून, जिथे गावाचं सांडपाणी सोडलं जात होतं. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात तसंच घडलं. सुमारे दीड हजार माणसं आजारी पडली आणि दीडशेच्या आसपास दगावली. त्यानंतर १९२५ मध्ये कालवांच्या खाड्या तपासण्याची व्यवस्था तिथे उभी राहिली. पण तेव्हाचा प्रश्न एवढाच होता की हे कालव खावं की नाही. पाण्याचं काय झालंय हे त्याला विचारावं, असं अजून कुणी म्हणत नव्हतं. खरं तर कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या खाणींचं पाणी ज्या खाडीत उतरायचं, तिथली कालवं तांब्याने हिरवी पडत, आणि ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती.

मग मिनामाता. जपानमधल्या या उपसागराच्या काठावर चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवत होता आणि त्यातला पारा समुद्रात जात होता. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. मांजरं वेड्यासारखी गरगर फिरून मरत होती, लहान मुलांचे हातपाय वाकडे होत होते. घरोघरी खाल्ले जाणारे मासे आणि शिंपले हेच त्या पाऱ्याचे वाहक होते. सरकारने कारखान्याचा दोष मान्य केला १९६८ मध्ये. ही बारा वर्षं मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जड वाटतात. शिंपल्यात पुरावा साठलेला होता, काठावर माणसं मरत होती, आणि तरी बारा वर्षं गेली.

त्याच काळात डीडीटीचा प्रश्न मोठा झाला. आपल्याकडे १९५३ च्या मलेरिया मोहिमेपासून घराघरांत डीडीटी मारायला माणसं यायची. भिंतींवरचे ते पांढरे डाग जुन्या माणसांना अजून आठवतात. अमेरिकेत शेतातलं डीडीटी नद्यांतून समुद्रात पोचत होतं. तिथे १९६५ ते १९७२ या काळात फिलिप बटलर यांच्या देखरेखीखाली किनाऱ्या-किनाऱ्यावरची कालवं आणि शिंपले गोळा करून त्यांत कीटकनाशकं मोजली गेली. ठरावीक काळाने, ठरावीक जागी, तोच जीव घ्यायचा, ही शिस्त तिथे बसली.

त्या शिस्तीला नाव दिलं एडवर्ड गोल्डबर्ग यांनी. ते कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले रसायनतज्ज्ञ. १९७५ मध्ये त्यांनी एक छोटा प्रस्ताव छापला, ‘मसल वॉच’. मसल म्हणजे कोकण-गोव्यात ज्याला शिनाणे म्हणतात त्याचाच भाऊबंद, खडकाला धाग्यांनी चिकटून बसणारा. गोल्डबर्ग यांचं म्हणणं होतं की हे जीव जगाच्या जवळपास सगळ्या किनाऱ्यांवर आहेत, तर त्यांनाच पहाऱ्यावर बसवू. त्यांच्या यादीत चार गोष्टी होत्या : जड धातू, डीडीटी आणि पीसीबीसारखी क्लोरीनयुक्त रसायनं, खनिज तेल, आणि अणुचाचण्यांतून आलेला प्लुटोनियम. १९७६ ते १९७८ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुमारे शंभर जागी हे करून पाहिलं गेलं. फ्रान्सनेही १९७९ पासून कालवं आणि मसल घेऊन असं काम सुरू केलं. अमेरिकेचा आजचा कायमचा कार्यक्रम १९८६ पासूनचा.

ऐकायला सोपं वाटतं, पण काम किचकट आहे. कालव तांबं आणि जस्त भरमसाट साठवतं, मसल हे दोन धातू बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतो. त्यामुळे एका गावचं कालव आणि दुसऱ्या गावचा मसल यांची तुलना करून चालत नाही. अंडी सोडल्यावर त्याचं वजन एकदम घटतं, म्हणजे ऋतूही तोच हवा. आकारही सारखा लागतो. एका जिवावर भरवसा न ठेवता एका जागचे वीसेक जीव एकत्र वाटून तो लगदा तपासतात. हे सगळं पाळलं तरच दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी आजचा आकडा ठेवता येतो.

आणि ठेवता आला, तेव्हा त्याने कायदे बदलले. फ्रान्सच्या आर्काशॉन खाडीत सत्तरच्या दशकाच्या शेवटी कालवांची पिल्लं जगेनाशी झाली, मोठ्यांची कवचं जाडजूड होऊन आत पोकळ्या पडू लागल्या. दोषी निघाला बोटींच्या तळाला लावायचा रंग, ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं विषारी संयुग असलेला. १९८२ मध्ये फ्रान्सने पंचवीस मीटरपेक्षा लहान बोटींना तो बंद केला आणि कालवं सावरली. २००१ मध्ये याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २००८ मध्ये लागू झाला. नव्वदच्या दशकात जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने आशियातही असा पहारा सुरू झाला. त्यात भारताच्या किनाऱ्यावरचे हिरवे शिनाणेही तपासले गेले.

नदीकडे ही कल्पना वळली त्यामागेही एक अपघात आहे. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सॅन्डोझच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली, पाणी लाल झालं, खालच्या अंगाला शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मरून पडले. नदीचं पाणी पिणाऱ्या शहरांना महिन्यांचा हिशेब नको होता, तासाभरात इशारा हवा होता. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये शिंपल्याच्या उघडझापीवर लक्ष ठेवणारं यंत्र तयार झालं. दोन्ही कवचांवर एकेक बारीक तारेचं वेटोळं चिकटवायचं. शिंपला किती उघडा आहे हे विजेच्या प्रवाहावरून कळतं. निर्धास्त शिंपला बहुतेक वेळ किंचित उघडा असतो. पाण्यात काही वावगं आलं की तो गच्च मिटतो. एक मिटला तर त्याचं काही असेल. सगळे एकदम मिटले तर पाणी बंद करून बघायला हवं. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे आजही पाणीपुरवठ्याच्या दारात असे आठ शिंपले पहाऱ्यावर आहेत. तीनेक महिने झाले की त्यांना परत सोडून देतात आणि दुसरे आणतात, कारण तोवर ते त्या पाण्याला सरावलेले असतात.

आपल्या भीमेत हे काम करू शकणारा जीव आहे. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हे त्याचं शास्त्रीय नाव, गोड्या पाण्यातल्या मोत्यांची शेती करणारे ज्याला सांभाळतात तोच. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांत कित्येक वर्षं त्याच्यावर जड धातू आणि कीटकनाशकांचे प्रयोग होत आले आहेत. प्रयोगशाळेच्या टाकीत त्याची परीक्षा भरपूर झाली. माझी मागणी एवढीच आहे की आता उजनीच्या काठावर, ठरलेल्या जागी, दर वर्षी त्याच महिन्यात त्याला विचारावं.

त्यासाठी तो नदीत असायला हवा. त्याची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणजे मासे गेले की शिंपलाही जातो. वाळू उपसली की मोठे शिंपलेही तिच्याबरोबर उपसले जातात. दारातल्या ढिगात पोरांना सापडतो तो असाच आलेला असतो. बहुतेक वेळा एकच सुटं कवच मिळतं. दोन्ही कवचं बिजागरीला अजून जोडलेली असतील, तर तो जीव मरून फार दिवस झालेले नसतात.