वावराला जाळी मारायच्या आधी

कुंपणाची चेनलिंक जाळी (तारा एकमेकींत गुंफून केलेली) घ्यायला आमच्या दुकानात आल्यावर बहुतेक जण पहिलं विचारतात, "फुटाचा भाव काय?" आमचा उलटा प्रश्न असतो: अडवायचं काय आहे?

मोकाट गुरं आणि शेळ्या असतील तर 12 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा), 3 बाय 3 इंच खणाची, पाच फुटी जाळी पुरते. घराच्या कंपाउंडला किंवा कोंबड्यांना 2 बाय 2 घ्या. रानडुकराचं काम वेगळं. ते मुसंडी खालून मारतं, म्हणून तार 10 गेजची हवी आणि जाळीचा खालचा अर्धा फूट मातीत गाडलेला हवा. गाडायच्या भागाला आधी डांबर फासा, नाहीतर गंज तिथूनच चढतो. चोपडा, यावल, रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला रोही (नीलगाय) असेल, तर त्याला पाच फूट म्हणजे काहीच नाही. खांबांना वर तिरके अँगल लावून काटेरी तारेच्या तीन ओळी ओढाव्या लागतात. तरीही एखादा आत येणारच नाही, अशी हमी आम्ही देत नाही.

गेज आणि वजन

गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. 10 गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 12 गेज 2.64, 13 गेज 2.34. डोळ्याला 12 आणि 13 मधला फरक कळत नाही, काटा मात्र लगेच सांगतो. पाच फूट उंच, 50 फूट लांब, 3 बाय 3 चा रोल 12 गेजमध्ये साधारण 27 किलो भरतो, 13 मध्ये 21 च्या आसपास, 10 गेजमध्ये 40. म्हणून फुटावर स्वस्त मिळालेली जाळी आधी काट्यावर टाका. कुठूनही घ्या, पण बिलावर गेज आणि वजन दोन्ही लिहून घ्या. जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅमचा आहे तेही विचारा. जाळी किती पावसाळे काढेल ते त्यावरच ठरतं. चेनलिंक जाळीसाठी आयएस 2721 हे भारतीय मानक आहे.

एकराला किती लागते?

चौकोनी एकराचा घेर सुमारे 835 फूट येतो. पण भावाभावांत वाटण्या होऊन वावरं लांबट पट्ट्यांची झालीत. 100 फूट रुंद पट्टीच्या एकराला तोच घेर 1,070 फुटांवर जातो. त्यामुळे शेजाऱ्याच्या एकराचा हिशोब तुमच्या एकराला लावू नका.

हद्दीचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. वहिवाटीचा शिवरस्ता जाळीत घेऊ नका. समोरच्याने मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे अर्ज केला, तर उभं कुंपण काढावं लागू शकतं.

खड्डा आणि कोपरा

आमच्या मते पैसा खर्चायची जागा हीच. तापी-गिरणेकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर्षाला थोडा थोडा करत खांब हलवते. मुरमात दीड फूट खड्डा चालतो, काळीत दोन फुटांच्या आत थांबू नका. तळ तोंडापेक्षा रुंद ठेवा, म्हणजे काँक्रीट वर उचललं जात नाही. खांब आठ ते दहा फुटांवर. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेके, फाटकाच्या खांबांना आणि मध्ये दर शंभरेक फुटांवरही टेके द्या. जाळीचा सगळा ताण या खांबांवर येतो, मधले खांब नुसते तिला धरून ठेवतात.

काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारा. मे महिन्यात काम काढलं असेल तर ओलं गोणपाट गुंडाळा. खरं तर दिवाळीनंतर काम काढलेलं बरं: जमिनीत ओल असते, पहार सहज जाते आणि मजूरही भरदुपारी काम करू शकतो.

जाळी ट्रॅक्टरने ओढू नका. खण चपटे होतात आणि पाच फुटी जाळी साडेचारवर येते. चेनपुलीने सावकाश ओढा. हाताने दाबल्यावर इंच-दीड इंच दबली की बस. दोन रोल एकावर एक चढवून बांधायचे नसतात. एका रोलच्या टोकाची एक तार फिरवत काढायची आणि दोन्ही टोकं जुळवून तीच तार स्क्रूसारखी परत फिरवत घालायची. जोड शोधून सापडत नाही. बांधायला जीआय, म्हणजे जस्त चढवलेली तारच वापरा. स्लॅबच्या सळया बांधायची काळी तार एका पावसाळ्यात गंजते, मग जाळी धड आणि बांधणी तुटलेली.

नाल्यातून जाळी सरळ नेऊ नका. पहिल्या पुरात काडीकचरा अडकतो आणि पाणी खांबांसकट ओढून नेतं. तेवढा तुकडा वरच्या तारेला सुटा टांगा.

केळीवाले जाळीला हिरवी नेट बांधतात. जाळीतून वारा निघून जातो, नेटमधून जात नाही. मे-जूनच्या वादळात तो सगळा जोर खांबांवर येतो. नेट लावायचीच असेल तर आधी सांगा, खांब जवळ घेऊ.

जाळीत घरची लाईट सोडू नका. माणूस मरतो आणि गुन्हा दाखल होतो. झटका मशीनची (जनावराला हलका झटका देऊन पळवणाऱ्या यंत्राची) तारही जाळीला जोडायची नसते. जाळी मातीला टेकलेली असते, करंट जमिनीत उतरतो. तिच्यासाठी इन्सुलेटरवर वेगळी तार ओढावी लागते.

फाटक निदान 12 फुटी ठेवा. केळीची गाडी आत वळणार असेल तर 14.

येताना वावराचा कागदावर काढलेला साधा नकाशा आणा. चारही बाजूंची लांबी, नाला, विहीर आणि फाटकाची जागा त्यावर दाखवा. जमीन काळी, मुरमाड की बरड, तेही लिहा.