मुख्याध्यापकाची खुर्ची आणि तिच्यामागची दीडशे वर्षे

नागपूरच्या कॅथलिक शाळांमध्ये मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले की शिक्षकांच्या खोलीत एकच चर्चा असते. आता कोण येणार? बदलीवर दुसरे फादर, नवीन सिस्टर, की आपल्याच शाळेतले एखादे सर किंवा मॅडम? पूर्वी हा प्रश्न सहसा पडत नसे. तो आज का पडतो आणि त्याचे उत्तर घाईने का देऊ नये, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

नागपूरकडे कॅथलिक मिशनरी आले ते कामठीच्या छावणीच्या वाटेने. ही छावणी १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी वसली. तिथल्या गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई होते, त्यांची कुटुंबे होती, मुले होती. १८४५ मध्ये फ्रान्सिस डी सेल्स या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे पहिले फादर भारतात उतरले आणि विशाखापट्टणमला त्यांचे मुख्य ठाणे झाले. कामठी आणि नागपूर हा त्याच मिशनचा दूरचा भाग होता. हा संघ फादर पियेर मेर्मिये यांनी १८३८ मध्ये आल्प्सच्या कुशीतल्या आनसी गावी स्थापन केला होता. नागपुरात तेव्हा भोसल्यांचे राज्य होते आणि शिक्षणाच्या कामात स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनचे स्टीफन हिस्लॉप आधीच उतरले होते. पुढे १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी म्हणून नागपूर उभे राहिले आणि १८६७ मध्ये रेल्वे आली. कचेऱ्या, रेल्वे आणि वकिली यांच्यामुळे इंग्रजी शाळांची मागणी वाढली. सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची. नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला चर्चचा प्रदेश, झाला तो त्यानंतर, १८८७ मध्ये. म्हणजे इथे शाळा आधी आली आणि बिशप नंतर. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

१८५४ च्याच शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचे दार उघडले होते. पैसा हवा तर तपासणी मान्य करायची, हा त्यातला करार. त्यामुळे अनुदान घेणाऱ्या मिशनच्या शाळेतल्या फादरांना दोन ठिकाणी हिशेब द्यावा लागे: एकीकडे बिशप, दुसरीकडे सरकारी इन्स्पेक्टर. ही दुहेरी जबाबदारी सांभाळता सांभाळताच या शाळांतल्या मुख्याध्यापकांची शिस्त घडली.

खरे शिक्षण मात्र कुठल्याच नियमावलीत नव्हते. ते फादर-सिस्टरांच्या आपापल्या संघाच्या घरात होत असे. केरळ, मंगळूर किंवा गोव्याहून आलेली एखादी तरुण सिस्टर आधी खालच्या वर्गांना शिकवायची आणि कॉन्व्हेंटमध्ये मुख्याध्यापिका सिस्टरबरोबर एकाच टेबलावर जेवायची. कोणत्या मुलाची फी थांबली आहे, कोणाच्या घरी बाप पितो, कोणत्या शिक्षकाला चारचौघांत बोलायचे नाही आणि कोणाला बोलल्याशिवाय चालत नाही, हे सगळे तिच्या कानावर रोज पडायचे. दहा-पंधरा वर्षांनी ती स्वतः खुर्चीत बसायची तेव्हा निम्मे काम तिला आधीच येत असे. त्यात बदल्या होत, त्यामुळे एका शाळेत शिकलेले शहाणपण दुसऱ्या शाळेत पोचत असे. पगार संघाच्या खात्यात, राहणे शाळेच्याच आवारात आणि घरी वाट पाहणारे कोणी नाही. या व्रतस्थ जगण्यामुळे त्यांना शाळेसाठी जो वेळ देता आला, त्याचे मोल पैशात होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर कसोटी वेगळी आली. संविधानाच्या कलम ३०(१) ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. १९५३ मध्ये नागपूरला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि युजीन डिसूझा पहिले आर्चबिशप झाले. लगेच १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्या. भवानीशंकर नियोगी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि त्यात मिशनच्या शाळांवरही बोट ठेवले होते. त्याच वर्षी सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज सुरू झाले. देशाचे सरन्यायाधीश झालेले शरद बोबडे या कॉलेजचे पदवीधर. बहुसंख्य मुले अन्य धर्मांची असलेल्या या शाळांवर पालकांचा विश्वास टिकला, याचे श्रेय मी मुख्याध्यापकांना देतो. पालकाला धर्मप्रांत भेटत नाही, फाटकाशी उभे असलेले फादर भेटतात.

महाराष्ट्रात या खुर्चीला कायद्याने वेगळे स्थान आहे. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ चे नियम यांनुसार इतर शाळांत मुख्याध्यापकपद प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने मिळते. अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची नेमणूक मात्र कायद्याच्या कलम ३(२) ने त्यातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये सांगितले की संस्थाप्रमुख निवडण्याचा हक्क हा संस्था चालवण्याच्या हक्काचा गाभा आहे. शाळा कशी चालेल ते प्रमुखावर ठरते, हे यामागचे कारण. पण हा हक्क वापरून व्यवस्थापन कनिष्ठ माणसाला वर आणते तेव्हा ज्येष्ठ शिक्षकाच्या मनात काय होते, हेही लक्षात घ्यायला हवे. अनुभवी प्रमुख हा सल उघडपणे बोलून सोडवतात. ते न जमलेल्या शाळांत स्टाफरूमचे दोन तट पडतात.

दरम्यान खुर्चीवरचे कामही बदलले. मुख्याध्यापकाच्या टेबलावर आजही लॉगबुक असते. वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ पाहायचा आणि शिक्षकाला उपयोगी पडेल असा शेरा लिहायचा. जुन्या सिस्टरांचे शेरे चार ओळींचे, पण नेमके: फळ्यावरचा अक्षराचा आकार, मागच्या रांगेतला गप्प मुलगा, प्रश्न विचारून न थांबण्याची सवय. आता त्याच टेबलावर संचमान्यता (शिक्षकांच्या मंजूर जागा), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) आणि यू-डायस (शाळांची सरकारी माहितीनोंद) यांची माहिती येऊन पडते आणि लॉगबुक खाली दबते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीवर बंदी घातली. २०१४ च्या निकालाने तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे ठरले, तरी छडीचा काळ संपलाच. सौम्यतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या शाळेत तो संपायलाच हवा होता.

खुर्चीत फादर-सिस्टरांच्या जागी प्रापंचिक शिक्षक येणार, हा बदल चर्चने आधीच ओळखला होता. व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर घोषणापत्र काढले. १९८२ मध्ये रोमहून निघालेल्या दस्तऐवजाचा विषयच शाळांमधले प्रापंचिक कॅथलिक शिक्षक हा होता. व्रतस्थांची संख्या कमी होत जाणार हे तेव्हाच दिसत होते. आता सर आणि मॅडम प्रमुख होत आहेत आणि व्हायलाच हवेत. पण त्यांच्यापाशी कॉन्व्हेंटचे ते जेवणाचे टेबल नाही. अनुदानित शाळेत ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या सिस्टर आवारातच किंवा संघाच्या दुसऱ्या घरात असतात. त्यांना आठवड्यातून एकदा नव्या प्रमुखाशेजारी बसवायला कोणताही शासन निर्णय लागत नाही. आणि कलम ३(२) मध्ये मुख्याध्यापकाखेरीज आणखी ३ जणांची नावे कळवून त्यांच्या नेमणुकाही अशाच कायद्यातून वगळून घ्यायची मुभा आहे. व्यवस्थापनाने त्यातल्या एका जागेवर उद्याचा प्रमुख पाच वर्षे आधी आणावा, त्याला लॉगबुक लिहायला द्यावे आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात सोबत न्यावे.