नांगर शेतातला आणि नांगर पाण्यातला

मागं उजनीच्या बॅकवॉटरला होडीतून फिरायला गेलो होतो, मधेच नावाडी मामांनी होडी थांबवून दोरीला बांधलेला नांगर पाण्यात सोडला, तर आमचा पोरगा विचारतो, पप्पा नांगर तर शेतात असतो ना, पाण्यात काय नांगरायचंय?

हसलो खरं, पण प्रश्न भारीय. शेतातला नांगर संस्कृत लांगल वरनं आलाय. होडीचा नांगर म्हणजे फारसीतला लंगर, आपल्या तोंडात बसून तोही नांगरच झाला. इंग्रजीतला अँकर ग्रीक अंकुरा वरनं लॅटिनमधून आलेला, मुळात अर्थ वाकडा आकडा. माहुताच्या हातातला अंकुश असतो ना, तो या अँकरचा लांबचा भाऊबंद, दोघांचं मूळ 'वाकणे' हेच.

आता गंमत बघा. बऱ्याच जणांना वाटतं नांगर जड असतो म्हणून होडी थांबते. वजनाचा थोडा वाटा असतो, पण खरं काम रुतण्याचं. ओढ आडवी बसली की फाळ तळाच्या गाळात घुसतो, जितकं ओढाल तितका खोल जातो, थेट आपल्या काळ्या रानातल्यासारखं. ओढ वरच्या दिशेनं लागली की सुटलाच. म्हणून दोर सढळ सोडायचा, साधारण खोलीच्या पाच ते सात पट, म्हणजे 10 फूट पाणी असलं तर 50 ते 70 फूट. नांगराजवळ जड साखळी लावतात तीसुद्धा यासाठीच, तिच्या वजनानं ओढ तळाला धरून राहते.

आणि 1933 साली जेफ्री इन्ग्रम टेलर या इंग्लंडच्या शास्त्रज्ञानं (द्रवांच्या प्रवाहावरच्या कामासाठी लय मोठं नाव, वर शिडाच्या होडीचा नाद) जो अँकर काढला तो चक्क शेतातल्या नांगराच्या फाळासारखा दिसतो! त्याचं नाव सीक्यूआर, भरभर म्हणा, सिक्युअर ऐकू येतं. त्या जातीच्या अँकरला इंग्रजीतही प्लाऊ अँकरच म्हणतात, म्हणजे आपल्या पोराचा प्रश्न तिकडं उत्तर होऊन बसलाय.

निघताना मामांनी दोर ओढत होडी बरोबर नांगराच्या डोक्यावर आणली आणि सरळ वर खेचलं, लगेच सुटला. फाळाला काळा चिकट गाळ. धरण व्हायच्या आधी इथं शेतीच होती म्हणाले.