पन्नास सह्यांचा सभासद

संस्थेच्या कार्यकारिणीवर कुणाला घ्यायचं असलं की पुण्यात हमखास म्हटलं जातं, "काही करायचं नाही हो, फक्त नाव द्या." मला या वाक्याचा राग येतो. याच शहरात एकेकाळी नुसतं सभासद व्हायला पन्नास माणसांच्या सह्या आणाव्या लागत.

ती संस्था म्हणजे पुणे सार्वजनिक सभा, स्थापना २ एप्रिल १८७०. पुढे ती राजकारणात गाजली, पण तिचं मूळ देवस्थानाच्या कारभारात आहे. पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांवर लोक नाराज होते आणि त्यांना जाब विचारायला कुणी नव्हतं. त्या असंतोषातून गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि इतर मंडळींनी सभा उभी केली. किमान पन्नास जणांनी सही करून मुखत्यारपत्र दिलं तरच सभासदत्व, असा नियम केला. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. मुखत्यारपत्र हा कोर्टकचेरीचा, जमीनजुमल्याचा कागद. तो सार्वजनिक कामाला लावला, म्हणजे सभासद बोलणार तो दुसऱ्यांच्या वतीने, आणि त्यांना उत्तरही तोच देणार. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते.

अडचणीही लवकरच आल्या. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटी या शिक्षणसंस्थेत आजीव सदस्यांनी, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांनी, बाहेरची कामं घ्यावीत का, यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा टिळकांचा आक्षेप हाच होता की आजीव सदस्याने आपला सगळा वेळ सोसायटीला द्यायला हवा. त्याच वर्षी टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. एकाच माणसाने किती संस्थांवर असावं, हा प्रश्न चार-चार मंडळांवर नाव असलेल्यांना आजही विचारायला हवा.

१८९५ मध्ये टिळकांच्या गटाने निवडणुकीत सार्वजनिक सभा ताब्यात घेतली. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. मतभेद झाला की नवी संस्था काढायची, ही पुण्याची खोड तेव्हापासूनची असावी.

स्वातंत्र्यानंतर हा लोकांचा जाब कायद्यात आला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी आणि दरवर्षीची हिशेब तपासणी आली, शिवाय मिळकत विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी आवश्यक झाली. समंजस माणूस स्वतःची मालमत्ता जशी जपेल तशी विश्वस्ताने संस्थेची जपावी, असं हा कायदा सांगतो. विश्वस्ताच्या घोर हलगर्जीपणामुळे संस्थेचं नुकसान झालं तर ते त्याच्याकडून वसूल होऊ शकतं. मानद आहे, पगार घेत नाही, एवढ्यावर सुटका होत नाही.

यातलं सर्वांत दुर्लक्षित कलम २२ वं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे रोजच्या बोलण्यातला चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी गेलो, तेव्हा नोंदीवरचे दोन विश्वस्त कधीच वारले होते आणि अर्ज कुणी केलाच नव्हता. बँकेने नव्या सह्या नाकारल्या. ग्रंथपालबाईंचा पगार तीन महिने अडला. जुने ठराव शोधायला इतिवृत्ताची वही उघडली, तर पानामागून पान "सर्वानुमते मंजूर" एवढंच. सूचक नाही, अनुमोदक नाही, कित्येक ठिकाणी अध्यक्षांची सहीसुद्धा नाही. बाई मात्र रोज साडेआठला कुलूप उघडत होत्या.

तेव्हापासून कुणी "फक्त नाव द्या" म्हणालं की मी आधी तीन कागद मागतो: संस्थेची घटना, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि आजचे विश्वस्त दाखवणारा पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा.